टेकडी, गढी आणि पांढर

मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या गावाकडे निघालात, की गावाच्या आधी गावाचा उंचवटा दिसतो. सभोवार काळे सपाट रान, मध्येच एक टेकाड. त्यावर दोनचार घरे, एखादा पडका बुरूज, नाहीतर नुसता शेंदूर फासलेला म्हसोबा. गावकऱ्यांना विचारावे, "हे काय हो?" उत्तर बहुधा ठरलेले असते, "ही आमची गढी." कोणाची म्हणून पुढे विचारले, तर कोणी देशमुखांचे नाव घेतो, कोणी यादवांचे, आणि एखादे म्हातारबाबा थेट पांडवांपर्यंत जाऊन पोचतात.

हे उत्तर नेहमी चुकीचे असते असे नाही. नांदेड-लातूरकडे खरोखरीच्या गढ्या पुष्कळ आहेत. पण असा उंचवटा दिसला म्हणजे तो तीनपैकी काहीही असू शकतो. तो निसर्गाने ठेवलेला मुरमाचा डोंगा असेल. तो एखाद्या वतनदाराने माती चढवून, चिरे लावून उभारलेली गढी असेल. किंवा शेकडो वर्षे माणसे एकाच जागी राहिली, घरे पडली, त्यांवर पुन्हा घरे बांधली, असे होत होत आपोआप उंच झालेले ते जुने गाव असेल. या तिसऱ्या प्रकाराला आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे : पांढर. कसायची ती काळी आणि राहायची ती पांढर. आपल्या जुन्या कागदपत्रांत गावाची ही दोन अंगे पदोपदी भेटतात.

या तिघांत फरक कसा करायचा आणि तो केला नाही तर काय बिघडते, याचा आज थोडा विचार करू.

ही अडचण काही आपल्या एकट्याची नव्हे. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि त्यांचे सरदार लवकरच वेल्समध्ये घुसू लागले. परक्या मुलखात घाईने ठाणे बसवायचे, तर दगडी किल्ला बांधायला सवड कुठली? म्हणून ते खंदक खणत, त्याच मातीचा गोल ढीग रचत आणि माथ्यावर लाकडी मनोरा उभारत. अशा ढिगाला 'मॉट' म्हणतात. पुढे लाकूड कुजले, मनोरे गेले, ढीग तेवढे राहिले. पण मौज अशी की, त्याच मुलखात हिमयुगातल्या बर्फाच्या नद्यांनी माती आणि गोटे वाहून आणून ठेवलेले ढीगही आहेत. तेही गोल, तेही गवताने झाकलेले. त्यामुळे अधूनमधून असे घडले की, एखाद्या नैसर्गिक उंचवट्याची नोंद मध्ययुगीन किल्ला म्हणून झाली आणि पुढे कोणी बारकाईने पाहिल्यावर ती बदलावी लागली. नोंद करणारे अडाणी नव्हते. आसपास खरे किल्ले इतके होते, की आणखी एक असणे अगदी स्वाभाविक वाटले. माणसाची नजर जे पाहायला सरावलेली असते, तेच तिला आधी दिसते.

आता आपल्या भूमीकडे वळू. मराठवाडा ज्या काळ्या दगडावर बसला आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झाला. कठीण थर टिकतो, मऊ थर झिजतो. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि सपाट माथ्याचे दिसतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, कोणीतरी तट घातला आहे. दोन थरांमध्ये कधीकधी लाल मातीचा पट्टा सापडतो. तो विटांच्या भुग्यासारखा दिसतो. काही ठिकाणी दगड कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटतो आणि आतून गोल गुंडा निघतो. तो पाहून तोफगोळ्याची आठवण कोणाला होणार नाही? धुळे-नंदुरबारकडे तर जमिनीच्या भेगेत गोठलेला लाव्हा उघडा पडून भिंतीसारखा उभा राहिला आहे आणि मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे खांब जणू पाथरवटाने घडवून उभे केले आहेत. निसर्ग हा जुना गवंडी आहे. त्याचे काम पाहून भलेभले फसतात.

त्यात आपला प्रदेश बहुतांशी भुईकोटांचा. माहूरचा किल्ला डोंगरावर आहे खरा. पण कंधार, औसा, उदगीर हे सारे जमिनीलगतचे, खंदक आणि तट यांच्या बळावर उभे राहिलेले किल्ले. १७६० साली निजाम आणि मराठे यांचा मोठा सामना झाला तो उदगीरजवळ. अशा मुलखात सपाट रानातल्या उंचवट्याला लोकांनी गढी म्हटले, तर त्यांना दोष देता येत नाही.

पण पंडितांचे काय? त्यांचीही नजर अशीच उंच, डौलदार टेकडीकडे आधी जाते का? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच शेजारच्या एका गावाच्या इतिहासात आहे. ते गाव म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेकाठचे तेर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेली एक छोटी पोथी आहे, 'पेरिप्लस'. लिहिणाऱ्याचे नाव ठाऊक नाही. पण तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानात ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ती लिहिली आहे. तिच्यात असे सांगितले आहे की, भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे शहर आहे. पैठणहून मौल्यवान खडे येत आणि तगरहून तऱ्हेतऱ्हेचे कापड येई. हा माल वाट नसलेल्या प्रदेशातून गाड्यांवर लादून भडोचला नेत. पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमीनेही तगरचे नाव घेतले. पैठण तर पैठणच राहिले. तगर कुठे गेले?

१७८७ साली ठाण्याला एक ताम्रपट सापडला. तो शिलाहार राजा अरिकेसरी याचा, शके ९३९ चा, म्हणजे सन १०१७ चा. त्यात हा राजा स्वतःला तगर नगराचा स्वामी म्हणवतो. राज्य कोकणात आणि अभिमान तगरचा! घराणे मूळचे तिकडचे, एवढाच याचा अर्थ. हा ताम्रपट पाहून फ्रान्सिस विल्फर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १७८८ साली 'एशियाटिक रिसर्चेस'च्या पहिल्याच खंडात तगरवर लेख लिहिला आणि ठरवून टाकले की, तगर म्हणजे देवगिरी, आपला दौलताबाद. पुढे कितीतरी युरोपीय पंडितांनी हेच मत उचलून धरले. ग्रँट डफने गोदावरीकाठी बीडच्या आसपास बोट ठेवले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना जुन्नर वाटले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर सुचवले.

आता ही नावे पुन्हा एकदा मनाशी म्हणा : देवगिरी, जुन्नर, धारूर. तिन्ही ठिकाणी किल्ला. देवगिरीचा तो कातीव सुळका तर मैलोन्मैल दिसतो. या विद्वानांनी नुसता किल्ला पाहून मत बनवले असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोणी नावाच्या ध्वनीवरून गेला, कोणी आसपासच्या लेण्यांवरून. पण नकाशा पुढे घेतला तर देवगिरी पैठणच्या उत्तरेला पडते आणि जुन्नर पश्चिमेला. पोथी तर स्पष्ट सांगते, पूर्वेला दहा दिवस. भांडारकरांचा बाण तेवढा निशाणाच्या जवळ पडला. मोठे शहर होते, तर त्याच्या खुणाही मोठ्याच असणार, ही समजूत सर्वांच्या मनात कुठेतरी होती असे वाटल्यावाचून राहत नाही. विल्फर्डबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुढे त्याने आपल्या पुराणांतून इजिप्त आणि इंग्लंड शोधायला सुरुवात केली. त्याला हवे ते श्लोक त्याच्या पदरी असलेल्या पंडिताने पोथीत घुसडून दिले आणि शेवटी विल्फर्डला आपण फसल्याचे जाहीरपणे कबूल करावे लागले. हवे ते शोधणाऱ्याला हवे ते सापडते, त्याचा हा मासला.

खरे उत्तर यायला १९०१ साल उजाडले. जॉन फेथफुल फ्लीट हा कोरीव लेखांचा जाणकार. त्याने रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दाखवून दिले की, तगर या नावातला मधला 'ग' झिजून तेर हे नाव झाले आणि पैठणपासून तेर सुमारे पंचाण्णव मैलांवर, आग्नेयेला आहे. लादलेल्या गाड्यांनी दिवसाला नऊदहा मैल कापले, तर बरोबर दहा दिवस! त्याच वर्षाच्या अखेरीस पुरातत्त्व खात्याचा हेन्री कझिन्स तेरला गेला. तिथे त्याला ना सुळका दिसला, ना तट. दिसली ती नदीकाठची मातकट टेकाडे, त्यांवर विखुरलेली खापरे, मोठमोठ्या जुन्या विटा आणि त्रिविक्रमाचे एक विटांचे देऊळ. त्या देवळाची मागची बाजू अर्धगोल आणि छप्पर गजपृष्ठासारखे. मुळात ते बौद्धांचे चैत्यगृह असावे असे त्याने ओळखले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे पंडित ज्या नगराला डोंगरावर शोधत होते, ते पांढरीच्या मातीखाली निजले होते आणि त्याच्या उशाशी माणसे बाजार भरवीत होती.

पुढे तेरला उत्खनने झाली. १९५८ साली चापेकरांनी खोदले, १९६० नंतरच्या दशकात महाराष्ट्र शासनाने. सातवाहनांची नाणी, भाजलेल्या मातीच्या सुबक मूर्ती, शंखाचे आणि हस्तिदंताचे काम, रोमन नाण्यांच्या नकला आणि चाकाच्या आऱ्यांप्रमाणे भिंतींची मांडणी असलेला विटांचा स्तूप अशा नाना गोष्टी उजेडात आल्या. तेरला मिळालेली हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती तर १९३८ साली इटलीत पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीची सख्खी बहीण शोभावी. पाँपेई गाडले गेले सन ७९ मध्ये. तेव्हा या दोघींचा काळही फार लांबचा नसावा. आणि हे सारे केवळ सरकारी खणत्यांतून मिळाले असे नाही. तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात मिळणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जपून ठेवल्या. आज तिथल्या शासकीय संग्रहालयाला त्यांचेच नाव आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. उंचवटा ओळखायचा कसा? तेर हे गोरोबाकाकांचे गाव. त्यांनी थापटणे घेऊन संतमंडळींची डोकी तपासली आणि कोणते मडके कच्चे ते सांगितले, ही कथा आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. टेकाडाचीही अशीच परीक्षा घ्यावी लागते. फक्त वरून थापटून भागत नाही, कापलेली बाजू पाहावी लागते. ओढ्याने एखादी कड तोडलेली असते, कोणी रस्त्यासाठी ती कापलेली असते. तिथे उभे राहून पाहावे.

मुरमाची टेकडी असेल तर वरची वीतभर माती संपली की मुरूम लागतो आणि खाली दगड. खापऱ्या असल्याच तर वरच्या मातीत. आत एकही नाही. गढी असेल तर आत एकाच वेळी भरलेली, चोपलेली माती असते, भोवती चिऱ्यांचा नाहीतर विटांचा पडदा असतो आणि जवळच माती काढल्याचा खड्डा किंवा खंदक सापडतो. आणि पांढर असेल तर तिचे रूपच निराळे. राखेचा करडा थर, त्याखाली चोपण घातलेली जमीन, त्याखाली पुन्हा राख, चुलीची लाल झालेली माती, गुराढोरांची हाडे, खापऱ्या, फुटकी बांगडी, मणी. खाली जावे तसतशी खापरांची घडण बदलत जाते. शतकानुशतकांची राख, चुना, शेण, गवत मिसळून मातीला तो पांढुरका रंग येतो. थरावरून काळ वाचण्याची ही शिस्तशीर पद्धत आपल्याकडे रुजवली ती मॉर्टिमर व्हीलर यांनी. ते १९४४ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले, आणि योगायोग पाहा, त्यापूर्वी ते वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक होते आणि तिथले रोमन किल्ले त्यांनी खोदले होते.

एकच टेकाड तिन्ही असू शकते, हेही लक्षात ठेवावे. नैसर्गिक उंचवट्यावर पुरापासून सुरक्षित म्हणून लोक राहिले, त्याची पांढर झाली. आणि गाव उठल्यावर कोणा देशमुखाने त्यावर गढी चढवली. उलट दिशेची चूकही होते. नागपूरजवळ मनसरला हिडिंबा टेकडी आहे. नावावरूनच कळते, लोक तिला राक्षसिणीची टेकडी समजत. १९९८ च्या सुमारास तिथे मोठे उत्खनन सुरू झाले आणि त्या टेकडीच्या अंगावर वाकाटककाळातले विटांचे भव्य बांधकाम उघडे पडले.

आता कोणी म्हणेल, "सर, हे सारे ठीक आहे, पण टेकडी निसर्गाची की माणसाची, याने आमचे काय अडते?" प्रश्न रास्त आहे.

अडते ते असे. पांढरीची माती शेताला उत्तम. पिढ्यान्पिढ्या शेतकरी ती गाडीने नेऊन रानात टाकत आले. बैलगाडी होती तोवर टेकाड खचायला शंभर वर्षे लागत. आता यंत्राचा एक सोंडेसारखा हात आणि चार ट्रॅक्टर असले, की एका उन्हाळ्यात ते साफ होते. नेणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. त्याच्या लेखी ती टेकडी असते, आणि टेकडीची माती न्यायला हरकत कसली? पण लेखी कागद सातवाहनांनी आपल्या गावासाठी ठेवलेला नाही. यादवांच्या काळात इथला कुणबी काय खात होता, कोष्टी कसले सूत विणत होता, हे कोणत्याही बखरीत नाही. ते फक्त त्या राखेच्या थरात आहे. तो थर एकदा विसकटला की पुन्हा कोणत्याही विद्वानाला लावता येत नाही. राजांचे इतिहास ताम्रपटांत टिकतात. रयतेचा इतिहास पांढरीत असतो.

दुसऱ्या बाजूचे नुकसानही थोडे नाही. मुरमाच्या टेकडीला किल्ला ठरवले, की तिच्याभोवती वंशावळी उगवतात, नसलेल्या लढाया होतात, आणि खऱ्या पांढरीकडे पाहायला कोणाला सवड राहत नाही. गावाचा अभिमान चांगला. पण तो देवगिरीच्या सुळक्याचाच असला पाहिजे असे नाही. तेरच्या मातकट टेकाडाचा अभिमान काय कमी मोलाचा आहे?

या पांढऱ्या मातीशी आपले आणखी एक नाते आहे, आणि ते दुःखाचे आहे. आपल्याकडची जुनी घरे माळवदाची. लाकडी सरे, त्यांवर फळ्या, आणि त्यावर फूट-दीड फूट, कुठे त्याहूनही जाड पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहते आणि पाऊस आत येत नाही म्हणून ही रीत पडली. दरवर्षी वर आणखी माती चढत गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती सुटल्या आणि ती जड माळवदे निजलेल्या माणसांवर आली. लातूर-धाराशिवची हजारो माणसे गेली.

किल्लारी तेरणेच्याच खोऱ्यात, तेरच्या खाली. आणि १९९७ साली सी. पी. राजेंद्रन या भूशास्त्रज्ञाने तेरजवळच्या नदीच्या दरडींत थर वाकल्याच्या, मोडल्याच्या खुणा दाखवून, या भागात प्राचीन काळीही भूकंप झाला असावा, असे मत मांडले. हा भाग भूकंपापासून सुरक्षित, अशी १९९३ पर्यंत बहुतेकांची समजूत होती. टेकाड वाचायला शिकणे हा केवळ पंडितांचा विरंगुळा नव्हे, हे यावरून ध्यानात यावे. तिथे माणसाने ठेवलेली खूण कोणती आणि निसर्गाने ठेवलेली कोणती, हे नीट ओळखले, तर दोघेही आपल्याला काही सांगतात. दोन्हींची गल्लत केली, तर दोघेही मुके होतात.

भूकंपानंतर पन्नासच्या आसपास गावे नव्या जागी वसवली गेली. जुनी गावे दगडमातीच्या ढिगांखाली राहिली. त्यांवर आता बाभळी आणि गवत वाढते. आणखी तीनशे वर्षांनी एखादा वाटसरू तिथे थांबेल आणि विचारील, "हे काय हो?" कोणी सांगेल टेकडी, कोणी सांगेल गढी. ती पांढर आहे, तिथे माणसे नांदत होती, हे सांगणारे कोणीतरी तेव्हा असावे.

म्हणून शेवटी एवढेच सुचवतो. गावाच्या टेकाडाची माती काढायची वेळ आली, तर आधी तिच्या कापलेल्या बाजूकडे डोळे भरून पाहा. राख, खापरे, विटा दिसल्या तर फावडे थांबवा. जुनी नाणी, मूर्ती मिळाल्या तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. निखात निधीचा १८७८ चा कायदा तेच सांगतो. शाळेतल्या गुरुजींनी मुलांना एक दिवस तिथे न्यावे आणि किल्ला कुठला ते विचारण्याऐवजी चूल कुठली ते शोधायला सांगावे. आणि नुसता मुरूम निघाला, तरी खट्टू होऊ नये. त्या टेकडीचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा आहे. तिला दुसऱ्या कोणाच्या मोठेपणाची गरज नाही.